एकच हॉल, चार माणसं आणि मे महिना : लहान ल्युथरन शाळेच्या वर्षअखेरीचं एक प्रकरण

विस्कॉन्सिन, मिनेसोटा, नेब्रास्का या अमेरिकी राज्यांच्या पट्ट्यातल्या छोट्या गावांत ल्युथरन (मार्टिन ल्युथरला मानणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या) चर्चच्या आवारातच आठवीपर्यंतची शाळा असलेली दिसते. शाळा मंडळीच्या, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांच्या, मालकीची असते. बजेट मंडळीच्या सभेत मंजूर होतं, आणि शिक्षकही मंडळीच नेमते. इथे अभ्यासाला घेतलेली शाळा नमुन्याची आहे. कुठल्याही एका शाळेची ही हकिगत नाही. अशा शाळांत वर्षअखेरीला जे हमखास घडतं, ते २०२६ च्या कॅलेंडरवर मांडून पाहिलं आहे. मुलांचे आणि घरांचे आकडे याच नमुन्याचे आहेत.

शाळेत किंडरगार्टनपासून आठवीपर्यंत ५८ मुलं, ४१ घरांतली. वर्गखोल्या तीन : किंडरगार्टन ते दुसरी १८ मुलं, तिसरी ते पाचवी १९, सहावी ते आठवी २१. आठवीत सात जण. शिक्षक तीनच, त्यात वरच्या वर्गाचे शिक्षक हेच मुख्याध्यापक. ऑफिसात सकाळपुरती येणारी एक सेक्रेटरी. शिवाय पाळक (चर्चचे धर्मगुरू) आहेत, पण त्यांना अख्खी मंडळी सांभाळायची असते. आणि हॉल एकच. दुपारी मुलं तिथे जेवतात, पाऊस असला की तिथेच खेळतात, आणि मंडळीत कोणी वारलं तर दफनानंतरचं जेवणही तिथेच होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात घरी जाणाऱ्या पत्रकात एकोणीस बाबी असतात, आणि तरीही ऑफिसचा फोन वाजत राहतो. कॉन्सर्टला मुलांना किती वाजता सोडायचं? फील्ड डेला (मैदानी खेळांच्या दिवशी) डबा की शाळेचं जेवण? पाचवीच्या बाई जाणार म्हणे, खरं का? कार्यक्रम कमी करा, असा सल्ला स्कूल बोर्डात कोणीतरी देतोच. त्याने फार फरक पडत नाही. दहा कार्यक्रम असोत वा सहा, प्रत्येकामागे तीच चार माणसं आणि तोच हॉल असतो. एका तारखेचा घोळ पुढच्या तारखांना भोवतो. म्हणून तारखा कुठल्या क्रमाने पक्क्या करायच्या आणि बातमी कुठल्या वाटेने बाहेर जाऊ द्यायची, एवढ्या दोन गोष्टींवर इथे भर दिला आहे.

आधी चर्चच्या तारखा

२०२६ मध्ये ईस्टर ५ एप्रिलला आहे. त्यावरून येशूच्या स्वर्गारोहणाचा दिवस गुरुवार १४ मे आणि पेन्टेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) रविवार २४ मे. या मंडळीत आठवीच्या मुलांचं दृढीकरण (कन्फर्मेशन) पेन्टेकॉस्टला होतं. लगेच दुसऱ्या दिवशी, सोमवारी २५ मेला, मेमोरियल डेची सुट्टी. आठवी संपवणाऱ्यांचं ग्रॅज्युएशन गुरुवारी २८ ला, शाळेचा शेवटचा दिवस शुक्रवारी २९ ला. म्हणजे सात घरांमध्ये पाच दिवसांत दोन समारंभ, आणि दोन्हींना परराज्यातून आजी-आजोबा येणार.

पाहुण्यांना हे दोन्ही एकच वाटतात. दृढीकरण मंडळीचं. मूल ल्युथरची लहान प्रश्नोत्तरी शिकून मंडळीसमोर आपल्या विश्वासाची कबुली देतं, आणि त्यात शेजारच्या पब्लिक स्कूलमध्ये शिकणारं पण मंडळीतलं मूलही असू शकतं. ग्रॅज्युएशन शाळेचं. त्यात दुसऱ्या चर्चला जाणाऱ्या घरातलं मूल असतं, जे रविवारी वेदीपुढे उभं राहणार नाही. हा फरक सातही घरांना मार्चमध्येच लेखी कळवायचा, कारण विमानाची तिकिटं तेव्हा काढली जातात. मेमध्ये कळवून उपयोग नाही. या वर्षी लाँग वीकेंडमुळे बहुतेक पाहुणे रविवार धरून येतील आणि सोमवारी परततील. गुरुवारी चर्च अर्धं भरेल, हे धरूनच खुर्च्या आणि केक ठरवावा.

चर्चच्या तारखांनंतर दुसऱ्यांच्या हातातल्या तारखा घ्यायच्या : आसपासच्या ल्युथरन शाळांची ट्रॅक मीट, म्हणजे धावण्या-उड्यांच्या स्पर्धा (तारीख यजमान शाळा ठरवते), बस, डिप्लोमा छापणारा, इयरबुकची शेवटची तारीख. स्वतःचे कार्यक्रम सगळ्यात शेवटी. बहुतेक शाळा नेमकं उलटं करतात. आधी फील्ड डेचा शुक्रवार ठरतो, आणि मग कळतं की त्याच दिवशी ट्रॅक मीट आहे आणि वरच्या वर्गातले निम्मे तिकडे जाणार.

हॉलबाबत एक नियम कडक ठेवावा : कुठल्याही कार्यक्रमाची सजावट आदल्या दिवशीच्या आधी लावायची नाही. कारण अंत्यविधी. त्याची तारीख कॅलेंडरवर नसते आणि तो पुढेही ढकलता येत नाही. रविवारी दृढीकरणाचं जेवण झाल्यावर 'आता गुरुवारपर्यंत असंच राहू दे' म्हणून ग्रॅज्युएशनच्या झालरी लावून ठेवल्या, आणि मंगळवारी अकराला अंत्यविधी आला, की महिला मंडळाला कॅसरोलची भांडी मांडण्याआधी 'अभिनंदन' लिहिलेला फलक उतरवावा लागतो. त्यात शाळेची आणि शोकातल्या घराची, दोघांचीही अडचण होते. सजावट चाकांच्या दोन खोक्यांत भरून ठेवावी आणि गुरुवारी दुपारी लावावी. गाण्याच्या सरावासाठी हॉल धरूच नये, तो चर्चमध्ये घ्यावा. मुलांना उभं राहायचं तिथेच असतं.

पत्रक

फोन येतात त्यांचं मूळ बहुधा दोन पत्रकं असतात. चर्चचं रविवारचं बुलेटिन बुधवारी दुपारपर्यंत छापायला जातं. शाळेचं पत्रक गुरुवारी मुलांच्या फोल्डरमधून घरी जातं. मधल्या चोवीस तासांत कॉन्सर्टची वेळ सातची साडेसहा झाली, तर रविवारी निम्म्या घरांच्या हातात सात असतात आणि निम्म्यांच्या साडेसहा. इथे लबाडी कोणाची नसते, पण दोष शाळेलाच लागतो. उपाय साधा आहे. मेपुरता शाळेचा मजकूर मंगळवारी संध्याकाळी गोठवायचा आणि तोच मजकूर, अक्षरही न बदलता, दोन्हीकडे द्यायचा. नंतर काही बदललं तर ते पुढच्या मंगळवारी. तेवढी सवड नसेल तर प्रत्येक घराला वेगळा मेसेज. त्यात 'मागच्या पत्रकातली वेळ बदलली आहे' एवढंच लिहून भागत नाही. ती बाब पूर्ण पुन्हा द्यायची, वर 'बदल' लिहायचं आणि कोपऱ्यात छपाईची तारीख टाकायची. फ्रिजवर तीन कागद लटकलेले असताना कुठला नवा, हे आईबापांना त्या तारखेवरूनच कळतं.

एका कार्यक्रमाच्या ओळीत काय हवं? वार आणि तारीख दोन्ही, मूल कधी पोचायचं, कार्यक्रम कधी सुरू, साधारण कधी संपेल, कोणत्या वर्गांसाठी, सोबत काय आणायचं. सगळ्यात जास्त घोळ पोचण्याच्या आणि सुरू होण्याच्या वेळेत होतो. 'गुरुवार, ६:३०' एवढंच छापलं की अर्धी मुलं साडेसहाला पार्किंगमध्ये असतात आणि पहिलं गीत अर्ध्या गटाने म्हणावं लागतं. 'मुलं ६:१० ला वर्गात, कार्यक्रम ६:३० ला, ७:२० पर्यंत' असं लिहिलं की प्रश्नच उरत नाही.

प्रती ५८ काढायच्या नाहीत. सेक्रेटरीकडे 'घरातलं सगळ्यात धाकटं किंवा एकुलतं मूल' अशी यादी असावी. पत्रक फक्त त्या ४१ मुलांकडे द्यायचं. धाकट्याकडे का? लहान वर्गाचं दप्तर आईबाप रोज स्वतः उघडतात, सातवीतल्याचं कोणी उघडत नाही. आईवडील वेगळे राहत असतील तिथे दोन प्रती, दुसरी पोस्टाने किंवा मेलने. नमुन्यात अशी पाच घरं धरली, म्हणजे छापायच्या ४६. ही पाच घरं विसरली गेली की एक पालक ग्रॅज्युएशनलाच हजर नसतो, आणि त्याची भरपाई कुठल्याही माफीपत्राने होत नाही.

पाचारण

मेमध्ये खरी खळबळ पत्रकातल्या एकोणीस बाबींपैकी कुठल्याच बाबीने होत नाही. ती होते पाचारणाने, म्हणजे एखाद्या मंडळीने शिक्षकाला आपल्याकडे सेवेसाठी दिलेल्या बोलावण्याने.

मिसुरी सिनड आणि विस्कॉन्सिन सिनड या दोन्ही ल्युथरन संस्थांत शिक्षकाची नेमणूक बहुधा पाचारण म्हणून होते. कराराने घेतलेले शिक्षकही असतात, पण पाचारण झालेल्याचं स्थान वेगळं. ते धार्मिक सेवेचं पद मानलं जातं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मिशिगनमधल्या होझॅना-टेबर या ल्युथरन शाळेच्या खटल्यात एकमताने हेच धरलं. अशा शिक्षिकेला धर्मसेवक मानून, नोकरीतल्या भेदभावाचा तिचा दावा चालणार नाही, असा निकाल दिला. म्हणजे हा शब्द नुसता शिष्टाचाराचा नाही.

नमुन्यात बुधवारी ६ मेला तिसरी ते पाचवीच्या बाईंना दुसऱ्या गावच्या मंडळीकडून पाचारण येतं. आता त्यांच्या हातात दोन पाचारणं आहेत, एक चालू आणि एक नवं. विचार करून, प्रार्थना करून, दोन्हीकडच्या लोकांशी बोलून साधारण तीन-चार आठवड्यांत त्या निर्णय देतील. म्हणजे निकाल शेवटच्या दिवसाच्या आसपास. 'पगार वाढवतो, थांबा' असं बोलणं या रीतीत बसत नाही. 'तुमचं इथलं काम आम्हाला मोलाचं वाटतं' असं पत्र लिहिणं बसतं, आणि ते पालकांनी लिहावंही.

चूक इथे होते : मुख्याध्यापक निर्णय येईपर्यंत गप्प बसतात. त्यांना वाटतं, बाईंवर दडपण नको. पण पाचारणाची घोषणा रविवारच्या उपासनेत होते, आणि ४१ पैकी कितीतरी घरं दुसऱ्या चर्चची किंवा कुठल्याच चर्चची नसतात. ती बातमी त्यांना सोमवारी पार्किंगमध्ये 'बाई सोडून चालल्या' अशा रूपात मिळते. पुढच्या वर्षाची नावनोंदणी याच आठवड्यात चालू असते. एखादं घर तेवढ्यावरून फॉर्म मागे ठेवतं.

रविवारी घोषणा झाली की त्याच दुपारी सगळ्या घरांना चार वाक्यांचा मेसेज जावा : 'तिसरी ते पाचवीच्या आपल्या शिक्षिकांना अमुक मंडळीकडून पाचारण आलं आहे. त्या दोन्ही पाचारणांचा विचार करत आहेत आणि मेअखेरपर्यंत निर्णय कळवतील. वर्षाचं काम ठरल्याप्रमाणे चालू राहील. काही विचारायचं असल्यास मुख्याध्यापकांना फोन करावा.' एवढंच. 'आम्हाला आशा आहे की त्या थांबतील' हे वाक्य गाळायचं. ते प्रेमाने लिहिलेलं असतं, पण तिसरीतलं मूल ते बाईंना वर्गात वाचून दाखवतं.

त्या गेल्या तर? मंडळीची सभा बोलवावी लागते, डिस्ट्रिक्टकडून (सिनडच्या विभागीय कार्यालयाकडून) नावांची यादी मागवावी लागते, आणि यादीतल्या पहिल्याने नाही म्हटलं की पुन्हा सभा. नवे पदवीधर तोवर मिळत नाहीत. विस्कॉन्सिन सिनडच्या न्यू अल्म, मिनेसोटा इथल्या मार्टिन ल्युथर कॉलेजातून बाहेर पडणाऱ्यांच्या नेमणुका मेमध्येच जाहीर होतात, आणि मिसुरी सिनडच्या काँकॉर्डिया विद्यापीठांतले पदवीधरही बहुतेक वसंतातच कुठे ना कुठे जातात. उरतात ते चालू नोकरीतले शिक्षक, आणि त्यांतला प्रत्येक जण पुन्हा काही आठवडे विचार करणार. जून-जुलैमध्ये दोन नकार आले की ऑगस्ट उजाडतो.

म्हणून दुसरी वाट पाचारण आल्याच्या आठवड्यातच बोर्डापुढे ठेवावी. दोन वर्गखोल्यांवर यायचं म्हटलं तर आठवीचे सात गेले, नवे पाच आले, मुलं ५६, खोलीत २८ आणि इयत्ता चार-पाच. ते एका शिक्षकाच्या आवाक्याबाहेर आहे. मंडळीतल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेला एका वर्षाच्या कराराने विचारणं हाच व्यवहार्य रस्ता. तिला जूनच्या पहिल्या आठवड्यात विचारलं तर ती विचार करते, ऑगस्टात विचारलं तर तिची फ्लोरिडाची तिकिटं झालेली असतात.

फील्ड डे आणि सहल

सगळ्या वयांची मुलं मिसळून सहा गट करायचे, गटात नऊ-दहा. आठवीतले सहा जण गटप्रमुख. सातवा शिट्टी आणि घड्याळ सांभाळतो, आणि हे काम खुशीने घेणारं एक मूल प्रत्येक वर्गात असतं. आठ ठिकाणं, प्रत्येकी बारा मिनिटं खेळ आणि तीन मिनिटं बदली, असे दोन तास. गट सहा आणि ठिकाणं आठ असल्यामुळे दर फेरीत दोन ठिकाणं रिकामी राहतात. हे मुद्दाम ठेवायचं, तिथल्या पालकांना पाणी प्यायला आणि सामान मांडायला वेळ मिळतो. पाण्याचे पाच गॅलनचे चार कूलर लागतात.

रस्सीखेचीत हाताला दोर गुंडाळायचा नाही, टोकाला फास करायचा नाही, आणि ताणणारा नायलॉनचा दोर वापरायचा नाही. तुटलेला नायलॉन चाबकासारखा परततो, आणि गुंडाळलेल्या दोराने बोटं गेल्याचे अपघात झालेले आहेत. गडगडाट ऐकू आला की सगळे आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. पावसासाठी राखीव दिवस शेवटच्या शुक्रवारी ठेवू नये. त्या दिवशी निम्मी मुलं साडेअकरालाच जातात.

आठवीच्या सहलीला सात मुलं आणि दोन मोठे, म्हणजे दोन सात आसनी गाड्या. चर्चची १५ आसनी व्हॅन दारात उभी असते आणि मोह होतो. १० पेक्षा जास्त माणसांसाठी बनवलेली नवी गाडी शाळेच्या मुलांच्या वाहतुकीसाठी विकायची वा भाड्याने द्यायची असेल, तर ती स्कूल बसच्या मापदंडांत बसावी लागते, असा विक्रेत्यांवर केंद्रीय कायद्याचा निर्बंध आहे. तो उगाच नाही. भरलेल्या अशा व्हॅन वळणावर उलटण्याचा धोका जास्त असतो. राज्याचे नियम आणि चर्चचा विमा पाहिल्याशिवाय ती व्हॅन काढू नये. चालवणाऱ्या पालकांच्या लायसन्सची आणि विम्याची प्रत आठवडाभर आधी फाइलमध्ये. एक मोठा माणूस आणि एकच मूल अशी गाडी कधीही नाही, परतताना घरी सोडतानासुद्धा. नियम मोडतो तो तिथेच.

ग्रॅज्युएशन

हा कार्यक्रम उपासनेचा असतो : प्रवेश, आवाहन, गीत, शास्त्रवाचन, संदेश, डिप्लोमा, प्रार्थना, आशीर्वचन. पन्नास मिनिटांत संपतो, संपावा. गाऊन जाड, चर्च गरम, आणि रात्री जेवण न करता आलेला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा गुडघे ताठ ठेवून उभा राहिला की चक्कर येते. डिप्लोमे बसवूनच द्यावेत.

सातांच्या वर्गात पहिला क्रमांक जाहीर करणं आम्हाला पटत नाही. एकाचा गौरव होतो आणि सहा घरं गप्प होतात. त्याऐवजी प्रत्येकाने आपलं निवडलेलं वचन वाचावं, वीस-वीस सेकंद. शंभर टक्के हजेरीचं बक्षीसही बंद करावं. त्यापायी ताप असलेली मुलं मेमध्ये वर्गात येतात आणि कॉन्सर्टच्या आठवड्यात अर्धा वर्ग आडवा होतो.

डिप्लोम्यावरचं नाव प्रत्येक घराकडून त्यांच्याच अक्षरात लिहून, सही घेऊन मार्चअखेर छपाईला द्यावं. शाळेच्या नोंदीवरून उतरवू नये, तिथे टोपणनावं असतात. कार्यक्रमपत्रिकेच्या प्रती : पदवीधरांचे पाहुणे ७०, बाकी घरांतले शंभरेक, मंडळीतले चाळीस, असे २१० लोक. दोघांत एक आणि वर थोड्या, १३० पुरतात.

एक बाब बऱ्याच शाळांना उशिरा कळते. चर्चमध्ये उपासनेदरम्यान गीत गायला अमेरिकन कॉपीराइट कायद्यात सूट आहे. पण त्याचे शब्द पत्रिकेत छापायला किंवा कार्यक्रम इंटरनेटवर थेट दाखवायला ती सूट लागू होत नाही, त्याचा परवाना लागतो. मंडळीने घेतलेला परवाना छपाईपुरताच असतो की प्रक्षेपणालाही, हे पाळकांना आधी विचारावं. आजी-आजोबा सोमवारीच परतलेले असल्यामुळे या वर्षी प्रक्षेपणाची मागणी नक्की येणार. परवाना नसेल तर जुनी गीतं निवडावीत : १९३१ च्या आधी अमेरिकेत प्रकाशित झालेली गीतं २०२६ मध्ये मुक्त आहेत. पण तुमच्या गीतपुस्तकातला अनुवाद किंवा चालीची मांडणी नंतरची असेल तर ती मुक्त नसते. पानाच्या तळाची बारीक ओळ वाचावी.

शेवटचा आठवडा

इथे काम कंटाळवाणं आहे आणि पटकन सांगता येतं. मुलांना दिलेलं क्रोमबुक (छोटा लॅपटॉप) चार्जरसकट परत घ्यावं. चार्जर नंतर कधीच येत नाही. लायब्ररीची आणि जेवणाच्या खात्याची बाकी २० मेपर्यंत घरी कळवावी, ग्रॅज्युएशनच्या संध्याकाळी फीचा विषय कोणी काढू नये. शाळा केंद्र सरकारच्या लंच योजनेत असेल तर मेचा दावा ६० दिवसांत, म्हणजे ३० जुलैच्या आत जायला हवा, आणि सेक्रेटरी जूनच्या मध्यावर सुट्टीवर जाते. तो तिने निघण्यापूर्वीच भरावा. आठवीच्या सात जणांच्या नोंदी आणि लसीकरणाची प्रमाणपत्रं त्यांच्या हायस्कूलकडे पाठवावीत, मुलांच्या हाती देऊ नयेत. वर्षभरातलं चॅपलचं (शाळेतल्या उपासनेचं) अर्पण किती झालं आणि कुठल्या मिशनला गेलं, हे शेवटच्या चॅपलमध्ये आकड्यासकट सांगावं. मुलांनी सुट्टी नाणी आणलेली असतात, त्यांना तो आकडा ऐकायचा असतो.

३० जूनला आर्थिक वर्ष संपतं. त्याआधीच्या मंडळीच्या सभेत बजेट मांडताना नावनोंदणीचा आकडा भरलेल्या फॉर्मचाच द्यावा, 'येणार म्हणाले' असे धरू नयेत.

आणि पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आताच उघडावं. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणून स्वर्गारोहण ६ मे, पेन्टेकॉस्ट १६ मे, आणि मेमोरियल डे ३१ मे. दृढीकरण आणि ग्रॅज्युएशन यांत जवळजवळ दोन आठवडे पडतील. पाहुण्यांना एकाच फेरीत दोन्ही जमणार नाहीत, आणि सातवीतल्या घरांनी त्यांतलं एक निवडायचं आहे, हे त्यांना आत्ताच, शेवटच्या पत्रकात सांगून टाकावं.